वाचक विचारतात: टाळूला तार बसली आणि बोलणं बदललं

प्रश्न: मुलगी नऊ वर्षांची. दुभंगलेल्या टाळूचं ऑपरेशन बाळपणीच झालं. आता हिरडीत हाड भरण्याआधी जबडा रुंद करायला क्वाड हेलिक्स बसवलंय. दहा दिवस झाले, 'सात'चं 'शात' होतंय, 'ळ' तर गायबच. स्पीच थेरपीची मेहनत वाया गेली का? – एक आई, जुळे सोलापूर

उत्तर: वाया गेलेली नाही. या तारेला चार वेटोळी असतात आणि पुढची दोन नेमकी तिथं येतात, जिथं ट, ड, ळ म्हणताना जिभेचं टोक टेकायला जातं. 'स'ला जिभेच्या मधोमध बारीक पन्हळ लागते. तिथं तार आडवी आली की हवा पसरते. बहुतेक मुलांची जीभ काही आठवड्यांत नवी वाट शोधते. रोज दोनदा दहा-दहा मिनिटं मोठ्यानं, सावकाश वाचायला लावा. 'चाक' आणि 'चार' यांतले च वेगळे, दोन्ही ऐका.

पण खरं लक्ष 'स'कडे नको, 'प'कडे हवं. प, ब ओठांचे. तारेशी त्यांचा संबंध नाही. नाकाखाली थंड आरसा धरून 'पपा', 'टाटा', 'काका' म्हणायला सांगा. (म, न म्हटल्यावर आरसा धुरकट होणारच, ते सोडा.) प, ट ला धुरकट झाला आणि क ला स्वच्छ राहिला, तर टाळूच्या पुढच्या भागात भोक उघडल्याची शंका घ्या. जबडा रुंद होताना दोन्ही बाजू दूर सरकतात आणि आधी मिटून असलेलं बारीक भोक मोठं होतं. क लाही हवा नाकातून येत असेल, तर मागची मऊ टाळू नीट बंद होत नसावी; तो दोष तारेचा नव्हे. दोन्हीत सर्जन आणि स्पीच थेरपिस्टना कळवा. भोक बरेचदा हाड भरतानाच बंद करतात, म्हणून घाबरून तार काढायला लावू नका.

'टाटा'चं 'काका' व्हायला लागलं, तर मात्र पुढच्या भेटीची वाट बघू नका. जीभ मागे नेण्याची जुनी सवय परत येतेय, आणि ती मुरली की काढणं जड जातं.

बोलणं एका दिवसात अचानक बिघडलं, तर दाढेवरचा बँड (तार धरून ठेवणारी कडी) सुटलाय का पाहा. आपल्याकडे याला कडक भाकरी पुरते! आमटीत पूर्ण भिजवून द्या. शेंगा चटणीचे कण तार आणि टाळूमध्ये अडकतात; जेवणानंतर खळखळून चूळ हवीच.

प्रश्न: मुलाची टाळूवरची प्लेट काढता येते. शाळेत बोलायला लाज वाटते म्हणून काढली तर? – एक बाबा, होटगी रोड

उत्तर: नको. काढ-घाल केली की जिभेला सवय लागतच नाही आणि दातही हलेनासे होतात. शिवाय प्लेटनं भोक झाकलं असेल, तर काढल्यावर बोलणं जास्त नाकातून येईल. वर्गशिक्षकांना पहिल्याच दिवशी कल्पना द्या आणि पहिले पंधरा दिवस उभं राहून वाचायला लावू नका म्हणावं.