कंपोस्टच्या हौदाला वास का येतो?

प्रश्न : पुण्यात आमची 60 घरांची सोसायटी आहे. रोज साधारण 30 किलो ओला कचरा निघतो. त्यासाठी विटांचे दोन हौद बांधले, पण त्यांना आंबूस वास येतो, तळाशी काळं पाणी साचतं, अळ्याही झाल्या आहेत. काही रहिवासी म्हणतात, हौद बुजवा आणि सगळं पालिकेच्या गाडीत द्या. काय करावं?

उत्तर : बुजवू नका. 2016 च्या घनकचरा नियमांनी 5,000 चौरस मीटरहून मोठ्या आवारांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं, ते उगाच नाही. तुमच्या हौदाच्या तळाशी आज जे चाललंय, तेच कचरा डेपोतल्या ढिगाखाली चालतं : हवा नाही, म्हणून कचरा सडतो आणि मिथेन सुटतो. 20 वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 80 पट उष्णता अडवतो. गाडीत टाकलेला वास संपत नाही, तो डेपोशेजारच्या गावांच्या वाट्याला जातो.

हौद आधी रिकामे करा. तळाशी 15 सेंटिमीटर विटांचे तुकडे, काटक्या आणि नारळाच्या शेंड्या पसरा, निचऱ्याला पाइप काढा. पुढची भिंत जाळीदार हवी. मग रोज निथळलेला ओला कचरा एक बादली, तर सुका पालापाचोळा एक बादली; पावसाळ्यात दीड. वजनानं मोजू नका, पाला हलका असतो. बहुतेक सोसायट्यांचं गणित इथंच चुकतं : फेब्रुवारी-मार्चमध्ये झडलेला पाला झाडून गाडीत देतात आणि जुलैत मिसळायला काहीच उरत नाही. तो पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवा. विकतच्या कल्चरपेक्षा, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंच्या मिश्रणापेक्षा, ही पोती जास्त कामाची.

दर चार दिवसांनी ढीग खालीवर करा. मूठभर मिश्रण दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर पाला वाढवा, भुगा झाला तर पाणी शिंपडा. आत खुपसलेली लोखंडी सळई पाच मिनिटांनी काढल्यावर हाताला चटका बसला, तर काम नीट चाललंय. तुमच्या कचऱ्याला प्रत्येक हौद किमान 2 घनमीटरचा लागेल. एक महिनाभर भरायचा, तोवर दुसरा मुरू द्यायचा. मुरलेलं खत 4 मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा, वर राहिलेली भरड पुन्हा हौदात टाका, ती विरजणाचं काम करते.

जाड, करड्या अळ्या बहुधा ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात. त्या कचरा झपाट्यानं खातात, माणसाला त्रास देत नाहीत. फवारणी नको. वर 5 सेंटिमीटर पाल्याचा थर रोज द्या, कमी होतील.

प्रश्न : ‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या पिशव्या हौदात चालतात का?

उत्तर : नाही. त्यांची चाचणी मोठ्या प्रकल्पातल्या 58 अंशांच्या आसपासच्या, सतत टिकणाऱ्या तापमानाला होते. तुमचा ढीग तितका काळ तापत नाही. महिन्यांनंतरही चिंध्या निघतात. डब्यात वर्तमानपत्र घाला, तो कागद हौदात विरतो. दुधाच्या पिशव्या मात्र कोपरा तोडून वेगळा न करता, धुऊन-वाळवून कचरावेचकांना द्या. सुटलेले इवले तुकडे कुणाच्याच हाती लागत नाहीत.