शाळा पाहून आल्यापासून मन लागत नाही

"मॅडम, शाळेच्या गेट-टुगेदरला जाऊन आलो आणि तेव्हापासून कशातच मन लागत नाही. मला डिप्रेशन तर नाही ना?" दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीनंतर हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे हमखास येतो. दहावीच्या बॅचचे व्हॉट्सअॅप ग्रुप झाल्यापासून तर फारच. म्हणून ही एका प्राध्यापकांची हकिकत, त्यांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून.

सर इंग्रजी शिकवतात. तालुक्याच्या गावची आपली शाळा पाहून आले आणि झोप उडाली. कारणही त्यांनीच सांगून टाकलं. "थॉमस ग्रे या इंग्रज कवीची, ईटन या त्याच्या जुन्या शाळेवरची कविता आहे ना? अज्ञानात सुख असेल तर शहाणं होणं हाच मूर्खपणा, असं म्हणून तो संपवतो. शाळा सुटली, सुख सुटलं. एवढंच आहे हो."

दुःखात माणूस ज्या ओळींचा आधार घेतो, त्या तो उगाच निवडत नाही, असं मी ठामपणे मानते. पुढच्या भेटीला पुस्तक घेऊन यायला सांगितलं. मधल्या दिवसांत मीही ग्रे नीट वाचून ठेवला.

कविता शंभर ओळींची. ग्रे शाळेत पाऊल ठेवत नाही, लांबूनच बघतो. थेम्समध्ये पोहणारी, चेंडूमागे पळणारी मुलं त्याला आठवतात. मग तो त्यांच्या वाट्याला पुढे काय येणार ते मोजू लागतो: राग, मत्सर, आजार, गरिबी, म्हातारपण.

"या यादीत काय राहिलंय?" मी विचारलं.

"मृत्यूसुद्धा आहे की."

"मित्राचा?"

सरांनी पानं उलटली. "नाही."

"कविता कधीची?"

"ऑगस्ट १७४२." मग हळूहळू सरच सांगू लागले. त्याच वर्षी १ जूनला रिचर्ड वेस्ट गेला होता. ईटनमधला जिवलग, अवघा पंचवीस वर्षांचा. ग्रेने त्याला एक कविता पाठवली होती, ते पत्र न उघडताच परत आलं. हे सगळं सर वर्गात शिकवत आले होते. पण इथे आल्यावर थांबले. मीही काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसायचं असतं, आणि ते मला जमतं.

"माझ्या फोनमध्येही एक मेसेज आहे," ते म्हणाले. "अजून एकच टिक आहे."

बाकावरचा शेजारी. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडने गेला. शेवटचं बघायला मिळालं नाही. गेट-टुगेदरला त्याच्या फोटोला हार घातला, दोन मिनिटं उभे राहिले आणि लगेच जेवणाच्या पंगती बसल्या.

'बालपण गेलं' असं म्हणत हळहळणं सोपं जातं, कारण त्यात कुणाचंच नाव घ्यावं लागत नाही. ग्रेने त्याच ऑगस्टमध्ये वेस्टवर एक सुनीतही, म्हणजे चौदा ओळींची कविता, लिहिलं. ज्याला ऐकू येणार नाही त्याच्यापुढेच मी रडतो, असं तो त्यात उघड म्हणतो. हयातीत त्याने ते छापलं नाही, ते १७७५ मध्ये बाहेर आलं. सरांना मी ते मोठ्याने वाचायला लावलं. निम्म्यावर आवाज फुटला, पण पुढच्या भेटीत ते आपणहून म्हणाले, "वहिनींना भेटून आलो. दिवसभर त्याच्याबद्दलच बोललो." झोप पूर्ववत व्हायला अजून काही आठवडे गेले.

तुम्हालाही असं होत असेल, तर आधी आठवून बघा, त्या वर्गात तुमची नजर कुणाला शोधत होती. मित्र असेल, बाई असतील, शाळेत सोडायला येणारे वडील असतील. त्यांचं नाव घ्या. त्यांना ओळखणाऱ्या कुणाजवळ तरी बोला, फोनवर नको, समोर बसून. ग्रुप सोडायची घाई करू नका. जुने फोटो रात्री झोपताना मात्र उघडू नका. आणि दोन आठवडे उलटूनही झोप-भूक जागेवर आली नाही, किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर वाट न बघता मनोविकारतज्ज्ञांकडे जा. सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.