शस्त्रे सापडली नाहीत, म्हणजे इराकने अटी पाळल्या होत्या का?

प्रश्न : २००३च्या युद्धानंतर इराकमध्ये सामूहिक संहारक शस्त्रांचे साठे सापडले नाहीत. मग सद्दाम हुसेन यांच्या सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या तपासणीच्या अटी पाळल्या होत्या, असे मानायला हरकत काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : हरकत आहे, कारण शस्त्रे नसणे ही एक गोष्ट आणि ती नाहीत हे निरीक्षकांसमोर सिद्ध करणे ही दुसरी. सुरक्षा परिषदेच्या एप्रिल १९९१च्या ६८७ क्रमांकाच्या ठरावानुसार इराकने आपली रासायनिक व जैविक शस्त्रे आणि १५० किलोमीटरहून अधिक पल्ल्याची क्षेपणास्त्रे जाहीर करून आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली नष्ट होऊ द्यायची होती. इराकने त्याच वर्षी त्यांतील काही साठा निरीक्षकांना अंधारात ठेवून परस्पर नष्ट केला आणि मग त्याचा हिशेब देणे त्याला स्वतःलाच अवघड झाले. संहारक जैविक कार्यक्रम तर १९९५पर्यंत तो नाकारतच राहिला; त्या ऑगस्टमध्ये सद्दाम यांचे जावई हुसेन कामेल जॉर्डनला पळून गेल्यावर सरकारने निरीक्षकांना एका कोंबड्यांच्या फार्मवर नेऊन कागदपत्रांनी भरलेल्या पेट्या दाखवल्या. एवढ्या लपवाछपवीनंतर पुढच्या खऱ्या उत्तरांवरही कोणी विश्वास ठेवला नाही, यात नवल नाही.

नोव्हेंबर २००२मध्ये १४४१ क्रमांकाच्या ठरावाने इराकला शेवटची संधी दिली, तेव्हापासूनचे चित्र मात्र संमिश्र आहे. इराकने निःशस्त्रीकरण मनापासून स्वीकारलेले दिसत नाही, असे मुख्य निरीक्षक हान्स ब्लिक्स यांनी २७ जानेवारी २००३ रोजी परिषदेला सांगितले. पण मार्चच्या आरंभी मर्यादेहून अधिक पल्ल्याची ‘अल समूद २’ क्षेपणास्त्रे इराक खरोखरच नष्ट करू लागला होता. ७ मार्चला ब्लिक्स यांनी उरलेल्या कामासाठी वर्षे नव्हे, आठवडेही नव्हे, तर काही महिने लागतील असे सांगितले, आणि त्याच बैठकीत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे तेव्हाचे प्रमुख मोहम्मद एल-बरादेई यांनी इराकच्या नायजरमधील कथित युरेनियम खरेदीची कागदपत्रे बनावट असल्याचे जाहीर केले.

म्हणून आमच्या मते इराकने अटी पूर्णपणे पाळल्या नव्हत्या, आणि तरीही तपासणी निष्फळ ठरली हा अमेरिका व ब्रिटनचा दावा टिकत नाही. बळाच्या वापराला वाट करून देणारा नवा ठराव पुरेशा पाठिंब्याअभावी त्यांनी मतदानाला टाकलाच नाही, आणि २० मार्चला युद्ध सुरू झाले.