फायरमन व्हायचंय, पण कोर्स कुठला?

प्रश्न : मी नाशिकच्या सिडकोत राहतो, बारावी झालीय, फायर ब्रिगेडमध्ये जायचंय, त्यासाठी गोल्फ क्लब मैदानावर पळतो. एका प्रायव्हेट क्लासवाल्याने फायर सेफ्टी डिप्लोमा सांगितलाय, करू का?

उत्तर : थांब भाऊ, आधी फी भरू नकोस! महापालिकेच्या भरतीत बहुतेक वेळा महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचा ६ महिन्यांचा अग्निशामक कोर्स मागतात, त्यामुळे क्लासवाला काहीही म्हणो, भरतीची जाहिरात स्वतः वाच आणि ते सर्टिफिकेट चालतं का बघ. उंची, छातीची मापंही तिथेच असतात. एमएससीआयटी करून ठेव.

गोल्फ क्लबवर पळतोस ते चांगलंय, पण पोहायला शिकच, कारण आपल्याकडे गोदावरीला पूर आला की फायर ब्रिगेडचीच माणसं पाण्यात उतरतात, नुसती आग विझवणं नसतं हे काम. आणि उंचीची भीती आत्ताच घालव, दोर-शिडीची प्रॅक्टिस लागते.