चीनच्या चिंग घराण्यातल्या सम्राटांच्या झग्यावर नऊ ड्रॅगन असतात म्हणतात, पण मोजले तर आठच भरतात. नववा कुठे असतो?

नववा असतोच, पण झाकलेला. हा झगा अंगरख्यासारखा एका बाजूला, उजवीकडे बंद होतो. वरच्या पल्ल्याखाली जो आतला पल्ला दडतो, त्यावर नववा ड्रॅगन भरलेला असतो. बाकीचे आठ असे: छाती, पाठ आणि दोन्ही खांदे मिळून चार, खाली घेरावर पुढे दोन, मागे दोन. खांद्यावरचे दोन्हीकडून दिसतात, म्हणून समोरून बघा की मागून, डोळ्यांना पाचच दिसतात. नऊ आणि पाच हे दोन्ही आकडे सम्राटाचे मानले जात, आणि एकाच कपड्यात दोन्ही बसवलेत. मला तरी ही रचना फार हुशारीची वाटते.

सूर्य, चंद्र, तारे, डोंगर अशी बारा राजचिन्हं मात्र शोधावी लागतात, ती लहान असतात. छियानलोंग सम्राटाच्या काळात, 1759 मध्ये तयार झालेल्या दरबारी नियमावलीत कोणी काय घालायचं हे ठरवून दिलं होतं.

एखाद्या संग्रहालयाच्या साइटवर अशा झग्याचा मोठा फोटो मिळाला तर छातीवरचा ड्रॅगन झूम करून बघाच. खवल्यांची सोनेरी जर कापडातून आरपार ओवलेली नसते. ती वर नुसती आडवी ठेवून रेशमाच्या बारीक टाक्यांनी जागोजागी बांधलेली असते. मधोमध उभी शिवण दिसेल. ड्रॅगनचे दोन अर्धे दोन वेगळ्या पट्ट्यांवर भरून तिथे जुळवलेले असतात. चांगल्या झग्यात मिशीसुद्धा हललेली नसते.