रंग कुठून उसवायचा?

“आता या वयात नवीन काही शिकायला बसले आणि जमलं नाही तर? लोक हसतील.” चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांकडून ही धास्ती मी सतत ऐकते. यावर अंबाजोगाईकडच्या एका ताईंचा अनुभव सांगते. त्यांच्या परवानगीनं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

ताई २२ वर्षं ब्लाऊज शिवतात. लेक शिकायला पुण्याला गेली आणि तिची जलरंगाची पेटी घरी राहिली. ताई ती अधूनमधून पुसून कपाटात ठेवायच्या, उघडायच्या मात्र नाहीत.

“मॅडम, कापडावर चुकलं तर उसवता येतंय. रंग कुठून उसवायचा?”

तोवर मी त्यांचं दुखणं ‘लोक काय म्हणतील’ एवढंच धरून चालले होते. पण जी बाई सुतभर फरक लांबून हेरते, तिला स्वतःच्याच हातची वाकडी रेघ सोसवत नव्हती. एका कामात मुरलेली माणसं नवशिकं व्हायला जास्त घाबरतात, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. नजर तयार असते, हात कच्चा असतो.

इथं माझी घाई नडली. मी त्यांना थेट चित्रकलेच्या क्लासला जा म्हणाले. त्या क्लासलाही गेल्या नाहीत आणि तीन आठवडे माझ्याकडेही आल्या नाहीत. टाळलं की लगेच हायसं वाटतं, आणि त्यानंच भीती पोसली जाते. पुढच्या वेळी उंबरा ओलांडणं आणखी जड जातं.

मग पायरी लहान केली. दुपारी मशीन थांबलं की १० मिनिटं, दार लावून, कुणालाही न दाखवता. बसण्याआधी वहीत लिहायचं: काय होईल असं वाटतंय, आणि भीती १० पैकी किती. उठल्यावर खरं काय झालं ते. कागद फाडायचा नाही, एवढी एकच अट. पहिल्या दिवशीची नोंद मला अजून आठवते: “आधी ८. हात थरथरायला. नंतर ६. कागद फुगला, बाकी काही झालं नाही.”

म्हणूनच मी सांगते, भीती जाईपर्यंत थांबू नका. ती करता करताच उतरते. मात्र अशी धडधड प्रत्येक कामात होत असेल, झोप उडाली असेल आणि हे आठवडेच्या आठवडे चालू असेल, तर वहीवर भागवू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.

एकदा दासोपंतांच्या पासोडीचा विषय निघाला. या संतकवींनी आपला ‘पंचीकरण’ हा ग्रंथ कागदावर नाही, लांबलचक कापडावर लिहिला. ती पासोडी अंबाजोगाईचं भूषण आहे. ताई थोडा वेळ गप्प बसल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, “म्हणजे ते बी उसवता येण्यासारखं नव्हतंच की.”

दीड महिन्यानं त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. बालाघाटचा डोंगर, पायथ्याला चिंचेचं झाड. डोंगराचा हिरवा रंग वर आभाळात फुटला होता.

“आभाळ वाळायच्या आधीच डोंगराला हात घातला,” त्या डागावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. कागद त्यांनी पुठ्ठ्यात घालून, घडी न पाडता आणला होता. “पाणी किती घ्यायचं, हे शिकवणारं कुणी हाय का हो इथं?”