बढती मागणाऱ्याला ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणू नका

प्रश्न : कुपवाड औद्योगिक वसाहतीत आमचे छोटे मशीन शॉप आहे. सीएनसी (संगणक-नियंत्रित) मशीनवरचा एक जुना ऑपरेटर शिफ्ट सुपरवायझरचे पद मागत आहे. त्याचा हात उत्तम आहे. परंतु त्याच्याकडे दिलेली दोन नवी मुले नुसती उभी असतात. मागच्या आठवड्यात त्याने बदललेला टूल ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली हत्याराच्या मापाची दुरुस्ती) रात्रपाळीला न सांगितल्यामुळे पहिले काही जॉब रिजेक्ट झाले. नकार दिला तर तो कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत जाईल, अशी भीती वाटते. काय करावे? — एक उद्योजक, सांगली

उत्तर : आज पद देऊ नका, पण ‘पुढच्या वर्षी बघू’ असेही सांगू नका, कारण त्यातून त्याला काय शिकायचे ते कळत नाही आणि वर्षभर वाट पाहून तो शिरोलीला जायचा तो जातोच. त्याला केबिनमध्ये बसवून ऑफसेटचाच प्रसंग समोर ठेवा आणि सुपरवायझरला आपल्या मशीनपलीकडचेही पाहावे लागते, हे त्यावरून समजावून द्या.

मग तीन महिन्यांसाठी काम नेमून द्या. शिफ्ट संपताना कोणता इन्सर्ट (हत्याराचे बदलायचे पाते) बदलला, ऑफसेट किती दिला, कोणते माप टॉलरन्सच्या (चालणाऱ्या फरकाच्या) कडेला आले आहे, हे त्याने रजिस्टरमध्ये लिहून पुढच्या माणसाला समक्ष सांगावे. दोनपैकी एका मुलाला स्वतंत्रपणे मशीनचे सेटिंग करण्याइतके तयार करावे. सुपरवायझर रजेवर असेल त्या दिवशी शिफ्ट त्याच्याकडे द्या आणि आढाव्याची तारीख आजच ठरवा.

पगाराचा विषय मात्र वेगळा ठेवा. पगार वाढवायचा तर सुपरवायझर करण्यावाचून मार्गच नाही, अशी पद्धत अनेक लहान कारखान्यांत पडली आहे आणि त्यात चांगला सेटर (मशीन लावून देणारा कारागीर) हातचा जातो, याचे मला फार वाईट वाटते. त्याच्या हातातल्या कौशल्याबद्दलची पगारवाढ त्याला आत्ताच द्या. त्याला माणसे सांभाळायची आहेत, की घरी-गावात मान हवा आहे, हेही विचारा. मान हवा असेल तर ‘वरिष्ठ सेटर’ हे पद खऱ्या अधिकारासह देता येईल. केवळ समजूत घालण्यासाठी सुपरवायझरचे नाव देऊन काम ऑपरेटरचेच ठेवू नका. कायदाही कामगार कोण हे ठरवताना पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम पाहतो.

आणि सुपरवायझरची जागाच रिकामी नसेल, तर ते त्याला याच बैठकीत सांगा. त्यासाठी त्याच्या तयारीतल्या उणिवा पुढे करू नका.